एक मात्रा उशिरा

इंदापूरच्या समिना मुलाणीला कान बापाकडून मिळाला आणि राग आईकडून. बाप अमीर लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. त्याच्या पायाशी वाढलेल्या या पोरीला नाचणारा माणूस कधी हवेत असणार, हे तो उडायच्या आधीच कळायचं.

बारामतीचा विजयसिंह नावाजलेला फोटोग्राफर, पण ठेक्याच्या बाबतीत ठार बहिरा. म्हणून समिना त्याच्या मागं उभी राही, मात्रा यायच्या जरा आधी त्याच्या खांद्यावर बोट टेकवी आणि तो बटण दाबी. नऊ वर्षं असंच चाललं. काढलेला फोटो बघायचीही त्याला गरज वाटत नसे. बोट आलं म्हणजे फोटो आला. लोक म्हणत, विजयदादाचा फोटो वाजतो. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातं?

लासुर्ण्याच्या एका वरातीत मात्र त्याचा कॅमेरा घेऊन तिनं स्वतः एक फोटो काढला. अमीरचे गाल फुगलेले आणि पुढं नवरदेवाची मावशी, दोन्ही पाय जमिनीच्या वर. ती अमीरची शेवटची वरात. महिन्याभरात तो गेला. वर्षानं पुण्यातल्या एका प्रदर्शनात तोच फोटो समिनाला भिंतीवर दिसला. खाली लिहिलं होतं: ‘अनाम वादक. छायाचित्र: विजयसिंह.’

“दादा, ह्यो माझा बाप हाय. त्याला नाव हाय,” ती म्हणाली.

“कॅमेरा कुणाचा हाय?” विजयसिंह हसला.

तिनं डूख धरला. का धरू नये?

त्याच फोटोच्या जोरावर विजयसिंहला बारामतीत मोठं काम मिळालं. मुंबईचे जॅझ वादक आणि त्यांच्या ठेक्यावर उड्या घेत स्विंग नाचणारी जोडपी येणार होती. कार्यक्रम संपताच फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. समिनानं आठवडाभर ते संगीत ऐकलं. बँडवाल्यांचा जोर पहिल्या मात्रेवर, यांची टाळी दुसरीवर आणि चौथीवर. खरं तर तिच्या कानाला दोनच दिवस पुरले.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी मागं उभी राहिली. नेहमीसारखं बोट टेकवलं. फक्त एक मात्रा उशिरा.

पडद्यावर एकेक जोडपं जमिनीवर येऊन उभं राहिलेलं दिसू लागलं. ट्रम्पेटवाल्याचा ट्रम्पेट तोंडापासून लांब. आधी खुसखुस, मग हशा. विजयसिंहनं वळून समिनाकडं बघितलं.

“कॅमेरा तुमचा हाय, दादा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “बटनबी तुमीच दाबलं.”

नऊ वर्षांत तिला इतकं सुख झालं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारा सॅक्सोफोनवाला जवळ आला. “घरी दाखवायला एक तरी बरा हवा होता, बेटा,” तो म्हणाला. तिला बाप आठवला आणि पहिल्यांदा लाज वाटली. तिनं विजयसिंहच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. त्याचा हातही आडवा आला नाही.

“वाजवा, बाबा.”

म्हाताऱ्यानं एक तुकडा वाजवला. तिनं एकच फोटो काढला. तो पडद्यावर आला तेव्हा मघा हसलेल्यांनीच टाळ्या वाजवल्या.

“खाली नाव काय लिहू?” कार्यक्रम भरवणाऱ्या राजलक्ष्मीबाईंनी विचारलं.

“आदी बाबांचं लिवा, मग माझं,” समिना म्हणाली. “आन् अनाम कुनीतरी लागतच असंल, तर हितं दादा हायेत.”