अंजूरफाटा ते खारबाव, तोंड मिटून

जगात डोक्यावरून पाणी वाहून नेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, मासळी आणि विटा वाहणाऱ्याही आहेत. पण अंजूरफाट्याहून खारबावपर्यंत एक अख्खं वाक्य, वाटेत एक शब्दही न सांडता, रोज घरी आणणारी बाई साऱ्या भिवंडी तालुक्यात एकच, आणि ती माझी सख्खी काकी आहे. हे कौतुकाने लिहिते आहे, पण थोडी भीतीही वाटते. एक तर मला असं कोणाबद्दल लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं बरं झालं की वाईट हे विचारायला घरात एक काकीच आहे, आणि तिच्यावर लिहिलेलं तिलाच कसं विचारू? दुसरं म्हणजे, तिचं एक वाक्य माझ्यामुळे सांडलं. ते मात्र सांगितलंच पाहिजे.

काकी नववी शिकलेली. अंजूरफाट्याजवळच्या एका मोठ्या गोडाऊनात ती पॅकिंगला जाते. लोकांनी फोनवरून मागवलेले कुकर, चपला, पंखे खोक्यांत भरायचे आणि वरून टेप मारायची. तिथे आत जाताना फोन, पेन, कागद, सगळं गेटवर जमा करावं लागतं. काकी म्हणते, "डोकं जमा करून घ्यायला विसरले ते." त्यामुळे हात खोकी भरत असतात आणि डोक्यात तिची गोष्ट चालू असते. काकी गोष्टी लिहिते. आमच्या गावात कोणी लिहीत नाही, म्हणून ही सवय कुठून लागली ते कोणालाच माहीत नाही. आजीच्या मते काकीच्या माहेरच्या विहिरीच्या पाण्यात काहीतरी होतं. दिवसभरात एखादं वाक्य तिच्या मनासारखं जुळलं की काकी रुमालाला एक गाठ मारते. दुसरं जुळलं की दुसरी. तीन गाठी म्हणजे कमाल. चौथं वाक्य घेतलं तर पहिलं सांडतं, हा तिने स्वतः शोधून काढलेला नियम आहे. आणि पाच वाजता शिफ्ट सुटली की गेटपासून घरापर्यंत ती तोंड उघडत नाही. अजिबात नाही. बोललं की वाक्य सांडतं, हा दुसरा नियम.

आता अंजूरफाटा ते खारबाव हे अंतर काही फार नाही, पण तिथला ट्रॅफिक ज्याने पाहिला आहे त्याला कळेल की मी काय सांगते आहे. कंटेनर आडवा झाला तर शेअर रिक्षात तास-दीड तास बसून राहावं लागतं. बाकीच्या बायका तेवढ्यात सासू, नणंद, सुपरवायझर यांचा समाचार घेऊन मोकळ्या होतात. काकी रुमाल मुठीत धरून, ओठ टेप मारल्यासारखे मिटून, समोरच्या टपरीकडे बघत बसते. रिक्षावाला ओळखीचा. तो आरशात बघून विचारतो, "काकी, आज कितना?" काकी दोन बोटं दाखवते. मग तो खड्डे जरा सांभाळून घेतो. उतरायच्या जागी ती छपरावर थाप मारते. घरात शिरली की पायही न धुता थेट पिठाच्या डब्याकडे जाते, कारण वही त्याच्या मागे असते. (वही म्हणजे माझ्या चुलतभावाच्या जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पानं, गोणी शिवायच्या सुतळीने शिवलेली.) उभ्या उभ्या ती लिहिते, एकेक गाठ सोडते, आणि मग वळून म्हणते, "हं, आता बोला."

मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. तोपर्यंत सगळं घर तुंबलेलं असतं. आजीला गुडघ्याचं सांगायचं असतं, चुलतभावाला बाईंनी वर्गाबाहेर का काढलं ते सांगायचं असतं, आणि काका तर यंत्रमागाच्या आवाजात काम करून करून साधं बोलतानाही ओरडतो. तिघं एकदम सुरू होतात. काका म्हणतो, "माझ्या बायकोशी संध्याकाळी भांडता येत न्हाय. सुचलेलं भांडन ती लिहून होईपर्यंत मी विसरून जातो. म्हनून टिकला आमचा संसार!"

गावाने मात्र या मौनाचे नाना अर्थ लावले. कोणी म्हणालं नवस आहे. कोणी म्हणालं दाढ किडली आहे. एकदा कामावरून येताना कोणाच्या तरी हळदीतल्या बायकांनी तिला रस्त्यातूनच ओढलं. तिने हातवारे केले, मूठ दाखवली, पण ऐकतो कोण? तिला नाचवलं, तोंडाला हळद फासली, आणि काकी दोन गाठींचा रुमाल उंच धरून ओठ आवळून नाचत राहिली. बायकांना वाटलं, रुमाल घेऊन नाचायची ही नवी तऱ्हा आहे; चार जणींनी आपापले रुमाल काढले. ती घरी आली तेव्हा पिवळी झाली होती, पण दोन्ही वाक्यं शाबूत होती. वहीच्या त्या पानावर अजून हळदीचा अंगठा आहे.

मला लिहावंसं वाटतं हे मी फक्त काकीलाच सांगितलं होतं. पण माझं लिहिणं कधी सुरूच व्हायचं नाही. घरात टेबल नाही, आवाज असतो, परीक्षा आहे, आज मूड नाही. काकी ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत विचारायची, "नळाला पानी कवा येतं गो?"

"सकाळी पावणेसहाला."

"मूड बघून हंडा लावतेस?"

मी उठून हंडा घासायला घ्यायचे.

तर काकी तीन वर्षं एकच गोष्ट लिहीत होती. गोष्टीतली बाई सकाळी हंडा घेऊन पाण्याला जाते आणि घरी परतत नाही. सबंध दिवस ती कुठे कुठे जाते, काय काय बघते, हे सगळं त्यात आहे. संध्याकाळी ती परत येते. दारात सगळं घर उभं असतं. कुठे होतीस, असं सगळे विचारतात. बाई हंडा खाली ठेवते आणि तोंड उघडते. बस्स. ती काय बोलते, ते शेवटचं वाक्य काकीला मिळत नव्हतं. सात महिने मिळत नव्हतं. एव्हाना आमच्या कॉलेजच्या वाचनालयाच्या फळ्यावर एका दिवाळी अंकाचं पत्रक लागलं होतं. नवीन लिहिणाऱ्यांकडून गोष्टी मागवल्या होत्या. मी पत्रकाचा फोटो काढून काकीला दाखवला. तिने तो तीनदा वाचला. मग म्हणाली, "तुझं अक्षर बरं हाय. उतरवून दे." मी एकवीस पानं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि शेवटी एका ओळीची जागा सोडली. शेवटची तारीख जवळ येत गेली, आणि काकी रोज रिकामा रुमाल घेऊन घरी येऊ लागली. भाकऱ्या करपू लागल्या. घरात सगळे हळू बोलू लागले, काकासुद्धा.

त्या दिवसांत मी काय करत होते, ते आता सांगते. मी कॉलेजला जातच नव्हते. दोन विषय राहिले होते. निकालाच्या यादीत माझ्या नंबरापुढे ते बघितल्यावर माझ्यात वर्गात जायचं धैर्यच राहिलं नाही. वर्गात इंग्रजीतून शिकवतात ते मला अर्धंच कळायचं, आणि विचारायची लाज वाटायची. मी रोज डबा घेऊन निघायचे आणि वाचनालयात, नाहीतर एसटी स्टँडवर बसून परत यायचे. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी मी काकीच्याच गोडाऊनच्या गेटवर जाऊन माणसं भरणाऱ्या सुपरवायझरला आधार कार्डाची झेरॉक्स दिली. पॅकिंगला घ्या म्हटलं. मला वाटलं, एकदा पगार घरी आला की कोणी विचारणार नाही.

घरी लवकर जाता येत नव्हतं, म्हणून मी तिथेच गेटबाहेर रेंगाळले. पाच वाजता काकी गेटातून बाहेर आली, ती जवळजवळ पळतच. मला बघून तिला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण तिचं लक्षच नव्हतं. तिने रुमाल माझ्यासमोर धरला. एक गाठ. मग हवेत बोटाने एक आडवी रेघ काढली आणि तिच्या शेवटी टिंब मारलं. मला कळलं. शेवटचं वाक्य! तिचे डोळे असे चमकत होते की मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी पाकीट पोस्टात टाकलंच पाहिजे होतं, नाहीतर वेळेत पोचलं नसतं.

आम्ही रिक्षात बसलो. फाट्यावर नेहमीसारखं सगळं ठप्प. आणि तेवढ्यात तो सुपरवायझर धावत आला आणि रिक्षावाल्याच्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकला.

"अरे वा, काकी! तुमचीच का ही? सकाळी पत्ता बघितला तेव्हाच वाटलं. उद्या सातला पाठवा. गेटचं कार्ड बनवून टाकतो."

काकीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिने मान जोरात हलवली, नाही, नाही.

"उद्या नाही? मग सोमवारपासून," तो म्हणाला. "टेन्शन नको, पॅकिंगची लाइन तुमचीच देतो."

काकीने माझ्या हातातली कॉलेजची बॅग ओढली, उचलून त्याला दाखवली, परत मान हलवली. तो हसला. "काकी, तुमचं हे मौन म्हणजे ना! बॅग आत अलाऊड नाही, एवढंच ना? सांगतो मी तिला."

रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "काकी, आज कितना?" काकीने एक बोट दाखवलं.

मी तेव्हा गप्प राहिले असते तर घरी पोचल्यावर सगळं बोलता आलं असतं. तासाभराचा तर प्रश्न होता. पण मला ती नजर सहन होईना. मी म्हटलं, "काकी, मला नाही जमत कॉलेज. दोन विषय गेलेत. अकरा दिवस मी गेलेलीच नाही." ती बघतच राहिली. मग जे बोलायला नको होतं ते मी बोलले. "तू पण तर तिथेच आहेस. तुझं काय वाईट झालं?"

पुढचा कंटेनर हलला. मागून हॉर्न सुरू झाले. काकीने मुठीकडे बघितलं. मग ती बोलली.

"माझं काय झालं? दिवसाला तीन वाक्यं मावतात माझ्या डोक्यात, तीन! ती पन तोंड शिवून आनावी लागतात. तुझ्या किती मावतात ते तरी बघ ना बाय! दोन विषय गेले तर गेले. सात महिने एक वाक्य न्हाय मिळालं मना, म्हनून वही चुलीत घातली मी?" आणि मग सुपरवायझरकडे वळून, "ती येनार न्हाय. झेरॉक्स उद्या मना परत पायजे. आनि बायकांच्या संडासाची कडी तुटलीय, ती कवा लावनार?" एकदा बांध फुटल्यावर ती थांबेना. रिक्षावाल्याला ब्रेकवरून बोलली, कंटेनरवाल्याला बोलली, वर्षानुवर्षं त्या रस्त्यावर न बोललेलं सगळं बोलली. सुपरवायझर पुढच्या चौकात निमूट उतरून गेला. रिक्षावाला म्हणाला, "काकी का आवाज तो आज पहली बार सुना."

ते ऐकून काकी थबकली. तिने रुमाल उघडून गाठीकडे पाहिलं. ओठ जरासे हलले, काहीतरी चाचपडत. मग एकदम थांबले.

"गेलं," ती म्हणाली.

घरी आली ती सवयीने पिठाच्या डब्याकडे गेली. वही काढली, शेवटचं पान उघडलं. आम्ही सगळे मागे उभे. आजी, काका, चुलतभाऊ. शेवटी काहीही न लिहिता ती वळली आणि म्हणाली, "हं, आता बोला." पहिल्यांदाच कोणी काही बोललं नाही. आजीने गुडघ्याचंही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाकीट काकीने माझ्याच हातात दिलं. "तशीच पाठव. बाई तोंड उघडते, तिथंच संपव. आनि पोस्टातून सरळ कॉलेजला जा." मी गेले. मागच्या बाकावर बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हात वर करून न कळलेलं विचारलं. आवाज फारच बारीक निघाला, पण निघाला. ते दोन विषय पुढच्या परीक्षेत सुटले. गोष्टीचं काही कळलं नाही. दिवाळी आली, अंक आला, त्यात ती नव्हती. काकीने तो अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन गोष्टींना "बऱ्या हायेत" म्हणाली, आणि सोमवारी दोन गाठी घेऊन घरी आली. नवीन गोष्ट सुरू झाली होती.

आता संध्याकाळी बहुतेक वेळा आम्ही एकाच रिक्षाने येतो. माझ्याही रुमालाला कधी कधी एखादी गाठ असते, बहुतेक वेळा नसते. रिक्षावाला आरशात दोघींकडे बघतो आणि कपाळाला हात लावतो. मी एकदा काकीला विचारलं होतं, त्या बाईचं दारातलं वाक्य परत आलं का गो कधी? काकी पीठ मळत होती. म्हणाली, "येल. घर ठाऊक हाय त्याला."

तो रुमाल तिने पुन्हा वापरला नाही. पिठाच्या डब्यामागे, जुन्या वहीच्या शेवटच्या पानात तो घडी घालून ठेवला आहे, गाठ न सोडता. पीठ बसून बसून ती गाठ आता कडक झाली आहे. मी भाकरीचं पीठ काढायला गेले की दिसते. आत काही नाही, हे मला माहीत आहे. तरी मी ती सोडत नाही.