कमरपिशवीचं तोंड

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. लोक विचारतात, आता घर खायला उठत असेल. मी म्हणतो, घर नाही उठत. भाकरी मी माझी थापतो, वाकडी का होईना. मला अडवलं ते पिशवीच्या दोन कोपऱ्यांनी.

अहमदपुरात आमचं चामड्याचं काम, बापापासूनचं. वकिलांच्या बॅगा करतो, मास्तरांच्या करतो. पण नाव आहे ते कमरपिशवीचं. जनावरांचे व्यापारी बाजाराला जाताना कमरेला बांधतात ती. देवणीकडचे जुने व्यापारी दुसऱ्याची पिशवी हातात धरत नाहीत. पोट मोठं, तोंड अरुंद. गर्दीत चोराचा हात आत जात नाही. मालकालाही नोट दोन बोटांनी ओढून काढावी लागते, पण ते चालतं.

सपाट शिवण मी साध्या मशीनवर मारायचो. पण पिशवी एकदा डब्यासारखी बंद होत आली की तिचे खालचे दोन कोपरे त्या मशीनवर बसत नाहीत. ते हातानंच. बायको डावा हात तोंडातून आत घालायची, उजव्यानं बाहेरून आरीनं भोक पाडायची आणि दोन सुया एकाच भोकातून उलटसुलट ओढायची. आतली सुई दिसत नाही, बोटांनीच ओळखायची. तीस-पस्तीस वर्षं तिनं ते केलं. ती गेली तेव्हा पाच पिशव्या कोपऱ्यापाशी अडलेल्या होत्या. मी हात घालून बघितला. बोटांच्या मुळापाशी अडकला, पुढं जाईना. दुसऱ्या कारागिराला दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "मामा, हे आपलं काम न्हाई."

लेक लातूरला दिली आहे. ती म्हणाली, "आप्पा, बास करा आता. माझ्याकडं येऊन ऱ्हावा."

"जावयाच्या दारात बसून तुकडे मोडू?"

"मंग मशीन घ्या. सिलेंडरवाली." तिनं मोबाइलवर दाखवली. त्या मशीनला खाली पाटा नसतो. नळीसारखा एक हात पुढं आलेला, सुई त्याच्या टोकावर. सदऱ्याची बाही चढवावी तशी पिशवी त्या नळीवर चढवायची आणि कोपरा फिरवत शिवायचा.

मला पटलं. मला एवढंच पाहिजे होतं की तिच्या हातची पिशवी जशी होती तशी चालू राहावी. ती गेली म्हणून पिशवीही गेली, असं कुणी म्हणू नये.

लेकीला घेऊन नांदेडला गेलो. अडलेल्या पाचातली एक पिशवी बरोबर घेतली. माझं चामडं, माझा दोरा. दुकानदार लोक मऊ रेक्झिन लावून मशीन पळवून दाखवतात. त्यावर काय, कोणतीही मशीन पळते. म्हशीचं चामडं चार पदरी झालं की खरं कळतं.

दुकानदार बोलका होता. बटण दाबलं, पायाशी जरा दाबलं तर मशीन बाजारात सुटलेल्या खोंडासारखी धावली. मी म्हणलो, "हिला थांबव. मला पळायचं न्हाई, वळायचंय." मग त्यानं दुसरी मोटर लावली, ती एक एक टाका घेते. मी मोटर बंद करायला लावली आणि चाक हातानं फिरवून चार पदरांवर सात टाके घेतले. चामडं उलटं करून बघितलं. खालचा टाका वरच्यासारखाच, दोरा कुठं ढिला नाही. वरचा पाय आणि खालचे दात दोन्ही मिळून चामडं ढकलत होते, त्यामुळं पदर सरकत नव्हते. काम चोख. मी खूश झालो.

मग पिशवी चढवायला गेलो. नळी तोंडातच अडली.

दुकानदारानं पिशवी घेतली, तोंडात चार बोटं घालून बघितली. "मामा, ह्यात मशीन काय, माणसाचा हात तरी जातो का? तोंड दोन बोटं वाढवा. झालं."

"न्हाई वाढवायचं," मी म्हणलो. "बापाचा फर्मा हाय."

फर्मा म्हणजे ज्यावरून चामडं कापायचं तो नमुना. माझ्या बापानं तो पत्र्याचा कापलेला. दसऱ्याला आरी-रापी या हत्यारांबरोबर आम्ही त्यालाही हळदकुंकू लावतो. तो बदलायचा नाही, हे मला बापानं सांगितलं आणि मी घरात सगळ्यांना सांगत आलो.

लेक मधेच बोलली. "आप्पा, आई बी हेच म्हणत होती."

"तू गप."

"लई वर्षं म्हणत होती. तवा बी तुम्ही गप म्हणलात."

दुकानदार कात्री शोधायचं सोंग करून आत गेला. शहाणा माणूस.

परतीच्या एसटीत लेक खिडकीकडं तोंड करून बसली, मी पिशवी मांडीवर घेऊन. खोटं कशाला लिहू, मला सगळं आठवत होतं. लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा. ती म्हणाली होती, "अहो, तोंड दोन बोटं वाढवा की. हात सोलतोय." मी म्हणलो, "माझ्या आईचा जात होता, तुझा कसा जात न्हाई?" माझी आई चिमणीएवढी बाई. बापानं फर्मा तिच्या हाताच्या मापानं कापला असणार, हे आज कळतं. हिचा हात रुंद, शेतात खुरपं चालवलेला. ती बोटांच्या पेरांना करडईचं तेल लावायची, हात चपटा करून आत घालायची आणि शिवायची. थंडीत पेरांवरची कातडी फुटायची, मग चिंधी बांधायची. दोनतीन वेळा बोलली असेल. पुढं बोलायची थांबली. मला वाटलं, हात सवयीचा झाला.

तरी मी हट्ट सोडला नाही. आठ दिवसांनी लातूरला गेलो. तिथं एका दुकानात बारीक नळीची मशीन होती. नळी तोंडातून सरळ आत गेली. मी लेकीकडं बघितलं, म्हणजे बघ, फर्मा न बदलता होतंय. चाक फिरवलं. दोन पदरांवर बरी चालली. कोपऱ्यात चार पदर आले तशी सुई वाकली, टाका सुटला. सुई बदलली, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी सुई तुटून माझ्या सदऱ्यावर पडली.

दुकानदार म्हणाला, "काका, ही बायकांच्या पर्ससाठी हाय. बारीक हातात तेवढा दम नसतो. जाड काम पायजे तर जाड नळी घ्या, अन् तोंड मोठं करा."

दोन गावं, दोन दुकानदार, बोलणं एकच. आणि दोघांच्या आधी ते माझ्या घरात कुणीतरी बोललं होतं.

लेक बाहेर आल्यावर म्हणाली, "काय करायचं मंग?"

"नांदेडची घेऊ."

"अन् फर्मा?"

"वाढवू."

ती रस्त्यात थांबली. मला वाटलं, आता टोमणा मारणार. मारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चला, चहा पिऊ," आणि पदरानं डोळे पुसले.

मशीनसाठी मी फर्मा बदलला. एका दिवसात बदलला. नवा पत्रा आणला, जुना त्यावर ठेवला आणि तोंडाच्या बाजूनं दोन बोटं सोडून खिळ्यानं रेघ ओढली. चहा निवायच्या आत झालं. एवढंसं काम होतं ते. पत्रा कापताना मला कुणाचा राग येत होता ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळेल.

मशीन आली. पहिली पिशवी नळीवर चढवली, कोपरा फिरवला, हळूहळू, टाक्याला टाका. आतला टाका चाचपायला मी हात आत घातला आणि तो मनगटापर्यंत गेला. एवढ्या वर्षांत माझा हात त्या पिशवीच्या आत पहिल्यांदा गेला. आत कोपऱ्यात जागा नसते. चामड्याची खरबरीत बाजू, वर दोऱ्याच्या उंच कडा. बोटं वळवली की पेरं घासतात. रुंद तोंडाच्या पिशवीत ही गत. अरुंद तोंडाच्या पिशवीत ती दिवसाला दोन पिशव्यांचे चार कोपरे शिवायची आणि वर माझा स्वयंपाक करायची.

पुढच्या आठवड्यात देवणीकडचा एक व्यापारी आला. जुनं गिऱ्हाईक, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. पिशवी हातात घेतली, तोंडात हात घातला, काढला, परत घातला.

"हे काय करून ठेवलंस? ह्यात तर चोराचं सगळं खानदान जेवायला बसंल."

"वरून झाप लावलीय की. दोन बटणं हायत."

"झाप-बिप नको. आधीची दे करून."

"ती बंद."

"अरं बंद कशी? मशीन घेतलीस म्हणत्यात गावात."

"मशीनचा हात जात न्हाई त्यात."

"मंग कोपरे हातानं शिवून घे. एखादी बाई बघ. लई बायका मिळत्यात कामाला."

माझं डोकं फिरलं. "कुणाच्या बाईचा हात सोलून काढू? तुमच्या सुनंला धाडता का? धाडा. उद्यापासून देतो."

मी त्याच्याशी असं कधी बोललो नव्हतो. त्यानं पिशवी कमरेला लावून बघितली, झापेचं बटण उघडलं, लावलं.

"आम्हाला काय ठावं," तो हळू आवाजात म्हणाला. "वहिनी इथंच बसायच्या. कधी काय बोलल्या न्हाईत."

"माझ्याजवळ बोलली होती," मी म्हणलो.

त्यानं पिशवी कमरेला बांधूनच ठेवली. कधी नाही ते घासाघीस न करता पैसे देऊन गेला.