केबिनसाठी थांबलो ते वर्ष

लढाईवरून परत आलो तेव्हा मला पुन्हा गाडी चालवायची नव्हती. फौजेत भरती झाल्यापासून सुटेपर्यंत मी ट्रकच चालवला होता. आसामच्या डोंगरातला चिखल, रात्री दिवे न लावता पुढच्या गाडीच्या मागच्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळा ठेवून काढलेले तासन् तास, यांनी मन विटून गेलं होतं. आमचं गाव माण तालुक्यातलं. घरी मेंढरं होती, थोडी बाजरी व्हायची. आता मेंढरांमागं हिंडायचं आणि कुणी हाक मारली तरी सावकाश उठायचं, असं मी येताना आगगाडीतच ठरवून टाकलं होतं.

आठवडाही झाला नसेल, कराडहून थोरल्या बहिणीचा निरोप आला. दाजींना खोकल्यानं धरलंय, गाडीवर दुसरा माणूस नाही, लगेच निघून ये.

माझे दाजी कराडला मालट्रक चालवत. गाडी त्यांची स्वतःची. कराडचा गूळ सांगलीच्या पेठेत न्यायचा, येताना हळद आणायची. उन्हाळ्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं आणि मीठ, नारळ वर आणायचे. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा सगळ्यांनी केलं तेच दाजींनी केलं. केबिनच्या मागं लोखंडाची उंच टाकी बसवून घेतली. तीत लोणारी कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस नळीनं इंजिनात सोडायचा. गाडी चालायची, पण चढाला रडायची. केबिन म्हणजे तरी काय, फळ्यांचा खोका. फळ्यांच्या फटींतून धूर आत यायचा. दाजींचे डोळे कायमचे लाल झाले होते आणि खोकताना त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागायची.

मी गेलो तेव्हा आक्कानं मला पाणी दिलं आणि समोर बसून म्हणाली, "नवी गाडी घ्यायची म्हणत्यात. घिईस्तवर तरी ऱ्हा. मग जा तुझ्या मेंढरांकडं."

मी राहिलो. माझे फौजेतले साठलेले पैसे होते, तेही नव्या गाडीत घालायचे असं ठरलं. त्यामुळं झालं काय, की कुठली गाडी घ्यायची या बोलण्यात माझंही मत धरलं जाऊ लागलं. मला मतच नव्हतं. चार चाकांवर जे चालतं त्या सगळ्याचा मला सारखाच कंटाळा आला होता.

सांगलीला गाड्या विकणारे एक गृहस्थ होते. काळी टोपी, अंगानं किरकोळ, बोलणं हळू. त्यांच्याकडं एक हिरवी गाडी उभी होती. लढाईसाठी म्हणून परदेशातून आलेल्या मालातली, म्हणून सबंध होती, लोखंडी केबिनसकट. गुळाच्या ढेपा उतरवून आम्ही दोघं ती बघायला गेलो. मी बॉनेट उघडून इंजिन पाहिलं. इंजिन माझ्या ओळखीचं होतं. असलं इंजिन मी चिखलात, पावसात आणि अंधारात चालवलं होतं. ते कधी दगा द्यायचं नाही. तसं मी दाजींना सांगितलं.

दाजी दार उघडून आत बसले. दाजी उंच माणूस. आमच्या माणच्या घरात यायचे तेव्हा दारात वाकूनही कपाळ आपटून घ्यायचे. त्या केबिनमध्ये त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागले. दार ओढून घेतलं तर कोपर आत घ्यावं लागलं. ते तसेच थोडा वेळ बसून राहिले आणि उतरले.

"नव्या घडणीची येणार हाय म्हणत्यात, ती कवा?" त्यांनी विचारलं.

त्या गृहस्थांनी टेबलाच्या खणातून एक इंग्रजी कागद काढला. त्यावर नव्या ट्रकचं चित्र होतं. वाटोळी, गुबगुबीत गाडी, मोठ्या काचा, आणि आत टोपी घातलेला एक गोरा ड्रायव्हर पाय पसरून बसलेला. कागदावर लिहिलेलं त्यांनी मराठीत सांगितलं. केबिन रुंद, बैठक मागंपुढं सरकवता येते, आणि घाण हवा बाहेर जाऊन ताजी हवा आत येण्याची वेगळी सोय.

"धूरबी भाईर जाईल?" दाजी म्हणाले.

"तसं लिहिलंय खरं."

"मग कवा येणार?"

"तुम्हाला खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "तिकडे निघतील लवकरच. इकडे केव्हा पोचतील ते मला ठाऊक नाही. ही उभी आहे ती मात्र आज मिळेल. आणि एक ध्यानात घ्या, एकदा गाडी मिळाली की दुसऱ्या गाडीसाठी बरीच वर्षं तुमचा नंबर लागायचा नाही."

त्यांनी तो कागद दाजींना देऊन टाकला. कृष्णेच्या पुलापर्यंत दाजी तो कागद मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "ही गाडी घेतली तवाबी असंच झालं हुतं. मी घेतली आन् वर्साच्या आत तिच्याहून चांगली आली. घाटात माझ्या अंगावरनं लोक पुढं जायचं आन् हात दाखवायचं. आता एकदाच घ्यायची. थांबूया."

मी म्हणालो, "तुमी म्हणाल तसं."

आक्काचं म्हणणं उलट. "नवी गाडी यील तवा यील. तवर ह्यांची छाती टिकाया नगं? आवं, आज हाय ती घ्या की." दाजी तिला चित्र दाखवायचे. ती चित्राकडं बघायचीसुद्धा नाही. मग दोघं माझ्याकडं बघत. मी आक्काला म्हणायचो, तुझं बरोबर आहे, आणि दाजींना म्हणायचो, तुमचंही बरोबर आहे. दोघांचंही खरंच बरोबर होतं. त्या थंडीत आमच्या घरात जेवताना दुसरा विषय निघाला नाही. कधी कधी वाटे, दिवसभर गाडी हाकून माणूस थकत नाही एवढा हे ऐकून थकतो.

उन्हाळा आला आणि आम्ही चिपळूणच्या फेऱ्या सुरू केल्या. एका दुपारी मीठ आणि नारळ भरून आम्ही घाट चढत होतो. मी चालवत होतो, दाजी शेजारी. गाडी इतकी सावकाश चालली होती की बाजूनं माणूस चालत पुढं गेला असता. दाजी खोकायचे थांबले. थोड्या वेळानं त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला बरं वाटलं. किती दिवसांनी माणसाला झोप लागली, म्हणून मी खड्डे चुकवत गाडी नेऊ लागलो. माझंही डोकं जड झालं होतं, डोळ्यांवर झापड येत होती. पण मी लढाईवरून आल्यापासून रोजच तसं होई, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

एका वळणावर त्यांचं डोकं खांद्यावरून घसरून स्टिअरिंगवर आपटलं, तरी त्यांना जाग आली नाही. चेहरा पाहिला तर गाल लालभडक, ताप चढल्यासारखे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागच्या टाकीची नळी कुठंतरी सुटली होती आणि गॅस फटींतून आत भरला होता.

मी गाडी उभी केली. दाराला धरून उतरलो. चाकामागं दगड कसा लावला ते आठवत नाही. दाजींच्या काखेत हात घालून त्यांना ओढत वळणाच्या कडेला मोकळ्या वाऱ्यात आणलं आणि सदऱ्याच्या गुंड्या तोडून काढल्या. तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. फौजेत मी माणसं गेलेली पाहिली होती. तसाच हा हात, तसंच हे डोकं मला दिसायला लागलं. आता आक्काला काय सांगू, एवढंच मनात येत होतं.

बऱ्याच वेळानं त्यांना ओकारी झाली. डोळे उघडले आणि म्हणाले, "पोचलो का रं?"

"व्हय दाजी," मी म्हणालो, आणि तिथंच रस्त्यावर मटकन बसलो.

घरी आल्यावर आक्का ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, दाजींना ताक दिलं आणि मला म्हणाली, "ती कोळशाची भट्टी गाडीवरनं उतरीव. आन् दोगंबी सांगलीला जावा, हाय ती गाडी घिऊन या."

दाजींना जरा बरं वाटल्यावर आम्ही आगगाडीनं गेलो. हिरवी गाडी जागेवर नव्हती. फरशीवर तेलाचा डाग तेवढा होता. कडेगावकडच्या कुणीतरी ती नेली होती. काळ्या टोपीवाले गृहस्थ फार वाईट वाटल्यासारखे हात चोळत उभे राहिले. दाजी माझ्या बाजूला उभे होते. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बरं झालं."

मी ते ऐकलं. त्यांच्यावर रागवायला हवं होतं, पण मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही तरी शिल्लक असावं लागतं. आम्ही नव्या गाडीसाठी नाव नोंदवलं आणि परत आलो.

पुढचे महिने विचित्र गेले. भट्टी काढल्यामुळं वाट्याला येईल तेवढ्या पेट्रोलवरच गाडी चालवायची. एखादी फेरी व्हायची, मग गाडी दारात उभी. पावसाळ्यात तर ती जागेवरून फारशी हललीच नाही. दाजी ओसरीवर बसून आले-गेले त्यांना चित्र दाखवत. मी आतल्या खोलीत घोंगडं पांघरून पडून राही. आक्का दोघांनाही काही बोलायची नाही. पुढं कधीतरी म्हणाली, "तुमी दोगं झोपल्यालं दिसला की मला बरं वाटायचं. गाडी यिऊच नये असं वाटायचं." वाट बघण्यानं झालं असेल तर एवढंच. दाजींचा खोकला जरा कमी झाला आणि माझ्या डोक्यातला इंजिनाचा आवाज थांबला.

दिवाळीच्या आधी सांगलीहून निरोप आला. या वेळी आक्काही निघाली. "माझ्या डोळ्यांनी बघतो," म्हणाली. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात.

गाडी मागच्या आवारात उभी होती. पुढचं तोंड अगदी चित्रातल्यासारखं, वाटोळं, चकचकीत. बॉनेट होतं, स्टिअरिंग होतं, पुढची काच होती. त्याच्या मागं दोन लांब लोखंडी तुळया आणि चाकं. बाकी काहीच नाही. छप्पर नाही, दार नाही, बैठकसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या जागी सामानाचं लाकडी खोकं ठेवलं होतं. त्यावर बसून कुणीतरी ती मुंबईहून चालवत आणली होती.

दाजी तिच्याभोवती फिरले. "आन् केबिन?"

"केबिन येत नाही," ते गृहस्थ खाली बघत म्हणाले. "बाहेरून एवढाच सांगाडा आणायला परवानगी आहे. केबिन, मागचा हौदा, सगळं इथंच बांधून घ्यायचं. मलाही गाडी आल्यावरच कळलं."

दाजी हसायला लागले. हसता हसता खोकला आला आणि ते त्या खोक्यावर जाऊन बसले. डोक्यावर उघडं आभाळ होतं आणि त्यांच्या हातात स्टिअरिंग. आक्कानं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना.

"थांबायचं असेल तर थांबा," ते गृहस्थ म्हणाले. "पुढेमागे सबंध गाड्याही येतील. नाव तसंच ठेवतो."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. "तू सांग गड्या. मला आता काय सुचंना झालंय."

वर्षभर मी दोघांच्या बोलण्याला मान डोलावत आलो होतो. त्या दिवशी तेही जमेना.

"घ्या, दाजी," मी म्हणालो. "लय दमलो मी वाट बघून. हिच्यापेक्षा चांगली येणारच. तिच्यापेक्षाबी चांगली यील. आपुन कुठवर थांबायचं?"

आक्का म्हणाली, "घ्या."

गाडी मिरजेच्या एका सुताराकडं नेली. तो गाड्यांच्या केबिनी बांधायचा. दाजींनी त्याच्यापुढं चित्राचा कागद धरला. त्यानं तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, असलं वाटोळं माझ्याच्यानं होणार नाही, सागाचा सांगाडा करून वर पत्रा ठोकून देतो. दाजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग आक्का पुढं झाली. तिनं दाजींना खोक्यावर बसवलं, पाय पुढं घ्यायला सांगितले आणि सुताराला म्हणाली, "ह्यांचं गुडघं कुठवर येत्यात त्ये बघा. डोस्कं कुठं लागतंय बघा. त्याच्या भाईरनं बांधा."

तशीच ती बांधली गेली. आमच्या रस्त्यावर तेवढी उंच केबिन दुसऱ्या कुणाची नव्हती. लांबून बघितलं तर कपाट चाललंय असं वाटायचं. लोक हसले. पण बैठकीत काथ्या ठासून भरला होता, मागची फळी फट न ठेवता बसवली होती आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या चांगल्या मोठ्या होत्या. कोळशाची टाकी मात्र आक्कानं पुन्हा लावू दिली नाही.

केबिन झाल्यावर आम्ही तिघं गाडी आणायला गेलो. सांगली सोडली तेव्हा दाजी चालवत होते, मधे आक्का, कडेला मी. आष्टा मागं गेलं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. इस्लामपूरच्या अलीकडं दाजींनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं खोकला आला. पण ते उतरून माझ्या बाजूला आले.

"आता तू घे," म्हणाले. "मला नुसतं बसून बघायचं हाय."

मी स्टिअरिंगवर गेलो. मेंढरांकडं जायची गोष्ट कुणी काढली नाही, मीही काढली नाही. नवं इंजिन सुरुवातीला सावकाश चालवावं लागतं, म्हणून मी वेग वाढवला नाही. पेठ गाव यायच्या आधीच दाजींना झोप लागली. आक्का वरचेवर त्यांच्या नाकापुढं बोटं धरून बघत होती आणि मग पुन्हा रस्त्याकडं बघत बसत होती.