कूलरमध्ये करंट आहे म्हणणारी बाई

नवीन राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी माझी नागपूरहून रायपूरला बदली झाली आणि आम्ही चौबे कॉलोनीत भाड्याने घर घेतलं. रायपूर राजधानी झाल्यामुळे बाहेरून पुष्कळ माणसं आली होती आणि जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या खिडकीत एक लोखंडी कूलर बसवलेला होता. त्याच्या टाकीतल्या पाण्यात डासांच्या अळ्या व्हायच्या, म्हणून उन्हाळ्यात घरोघरचे कूलर तपासायला रोजंदारीवर बायका ठेवल्या होत्या. काम एका संस्थेला ठेक्याने दिलेलं होतं. आमच्या गल्लीला यायच्या त्या इंदूबाई ढोक.

बाई मूळच्या तुमसरकडच्या. नवरा रेल्वेत खलाशी होता, कमरेच्या दुखण्याने घरी बसला. दोन मुली शाळेत. मराठी बोलणारी बाई म्हणून माझी बायको शारदा त्यांना बसवून ताक द्यायची, त्यातून हे सगळं कळलं. दिवसाला चाळीस-पन्नास घरं करायची. टाकीत हात घालून पाणी ढवळायचं, अळ्या दिसल्या तर पाणी उपसायला लावायचं, औषध टाकायचं आणि भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. लोक दार उघडायला कंटाळायचे. काही जण दारातूनच सांगायचे, कूलर साफ आहे, जा.

पहिल्याच उन्हाळ्यात शंकर नगरला एका कूलरला हात लावताच इंदूबाई मागे फेकल्या गेल्या. दोन दिवस कोपरापर्यंत हाताला जाणीव नव्हती. संस्थेचा सुपरवायझर प्रताप म्हणाला की हातमोजे मागवतो. ते काही आले नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःच एक टेस्टर विकत घेतला. त्यांच्या घराजवळ भैय्यालाल नावाचा कूलर दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, त्याच्याकडे चार संध्याकाळी बसून त्यांनी समजून घेतलं की करंट पत्र्यात कसा उतरतो, तिसरी पिन कशासाठी असते, अर्थिंग नसलं तर काय होतं. त्यानंतर त्या आधी टेस्टर लावायच्या, मग टाकीत हात घालायच्या.

सुरुवात स्वतःच्या जिवासाठी केली होती, पण टेस्टरचा दिवा लागला की गप्प राहणं त्यांना जमेना. घरातल्या बाईला त्या सांगायच्या की यात करंट आहे, आधी प्लग काढा, अर्थिंग करून घ्या, तोवर पाणी भरू नका. भिंतीवरच्या तारखेपुढे त्या गेरूने एक छोटा ‘क’ काढू लागल्या. प्रतापने त्यांना दोनदा बजावलं की आपलं काम मच्छरचं आहे. त्या वीज कार्यालयात जाऊन आल्या. तिथल्या बाबूने सांगितलं की मीटरच्या आतली तार ज्याची त्याने पाहायची.

आमच्या शेजारी यशवंतराव डोये राहायचे. रेल्वेतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, गल्लीतल्या मराठी माणसांत त्यांचा शब्द चालायचा. एप्रिल महिन्यात इंदूबाईंनी त्यांच्या मागच्या खिडकीतला कूलर तपासला. अळी एक नव्हती, पण पत्रा जिवंत होता. यशवंतरावांनी बोर्डात तीन पिनांची जागा नाही म्हणून प्लगच कापून दोन तारा तशाच खुपसल्या होत्या. इंदूबाईंनी ते यशवंतरावांना त्यांची सून क्षमा हिच्यासमोर सांगितलं आणि भिंतीवर ‘क’ काढला. यशवंतरावांना ते लागलं.

“तुले मच्छर पाहाले ठेवलं का आमच्या घरातली फिटिंग पाहाले?” ते म्हणाले. मी कुंपणाच्या या बाजूला उभा होतो.

“काका, मी काई मनाचं नाही बोलून राहिली,” इंदूबाई म्हणाल्या. “तुमी सोता चप्पल घालून टेस्टर लावून पाहा.”

त्यांनी लावला नाही. ओल्या फडक्याने भिंतीवरचा गेरू पुसला आणि संध्याकाळी माझ्याकडे आले. माझं हिंदी कार्यालयीन, अक्षर बरं, म्हणून तक्रार मी लिहावी अशी त्यांची इच्छा. मी लिहून दिली. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे: “यह महिला मच्छर की जाँच के बहाने घरों में घुसकर करंट का डर दिखाती है और दीवारें खराब करती है।” गल्लीतल्या अकरा जणांनी सह्या केल्या. पहिली यशवंतरावांची, दुसरी माझी. शारदाने विचारलं की काहून करून राहिले हे. मी म्हटलं, शेजारधर्म आहे.

प्रतापने ते पत्र इंदूबाईंना वाचून दाखवलं आणि त्यांना दुसऱ्या भागात, तेलीबांध्याकडे पाठवलं. आमच्या गल्लीला दुसरी बाई आली. ती फाटकातूनच तारीख लिहून जायची. सगळे खूश होते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊच्या सुमाराला यशवंतरावांच्या मागच्या अंगणातून क्षमाची किंकाळी आली. त्यांच्याकडे भांडी करणारी फुलेश्वरी कूलरमध्ये पाइपाने पाणी भरत होती. अनवाणी, ओल्या फरशीवर. मी पोचलो तेव्हा ती कूलरच्या खाली पडलेली होती आणि पाइपातून पाणी वाहतच होतं. मी मेन स्विच बंद केला. एवढंच मी त्या दिवशी बरोबर केलं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेलेली होती. चौतीस-पस्तीसची असेल.

यशवंतरावांनी पोलिसांना सांगितलं की तिला उन्हाची लू लागून चक्कर आली. शवविच्छेदनात करंटने मृत्यू असं आल्यावर त्यांनी सांगितलं की कूलर कालपर्यंत चांगला होता, अचानक काय बिघडलं कळलं नाही.

इंदूबाईंना तिसऱ्या दिवशी कळलं. फुलेश्वरीचा पारा, म्हणजे तिची वस्ती, कॉलोनीच्या मागेच होती. त्या तिथे गेल्या आणि तिच्या नवऱ्याला, नत्थूला घेऊन ठाण्यात गेल्या. त्यांनी सांगितलं की एप्रिलमध्ये मी या घरी स्वतः बजावलं होतं. त्यांना विचारलं गेलं, पुरावा काय. त्यांनी पत्राचं सांगितलं. मग प्रतापला विचारणा झाली तर तो म्हणाला की असं पत्र सापडत नाही.

ते का सापडत नव्हतं हे मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी यशवंतराव ते प्रतापकडून परत घेऊन आले होते. माझ्या बैठकीत बसून त्यांनी त्याचे चार तुकडे केले. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूबाई आमच्याकडे आल्या. शारदाने ताक आणलं, त्यांनी हात लावला नाही.

“भाऊ, ते पत्र तुमच्या हातचं होतं,” त्या म्हणाल्या. “त्याच्यात लिहिलं होतं का मी करंटचं सांगते. मले बाकी काही नाही पाहिजे. ठाण्यात चाला आन तेवढं हो म्हना.”

मी म्हणालो की यशवंतरावांनी सांगितलं तसं मी लिहिलं, मला त्यातलं काही ठाऊक नाही.

“मी सांगतलं होतं तेव्हा तुमी कुंपनापाशी उभे होते.”

मी म्हणालो की मला नीट ऐकू आलं नव्हतं.

शारदा दारात उभी होती. मग इंदूबाई उठल्या आणि शारदाला म्हणाल्या, “येते ताई.” मी सरकारी नोकर होतो, साक्षी-पुराव्यात अडकलो असतो, शेजार तुटला असता, असं मी नंतर शारदाला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि आत गेली.

आठवड्याभरात नत्थूने तक्रार नसल्याच्या कागदावर अंगठा दिला. क्षमाने त्याला शब्द दिला होता की थोरल्या मुलीला आईच्या जागी ठेवून घेऊ. तिला खरंच ठेवलं. सोळा वर्षांची असेल. यशवंतरावांनी नवा कूलर आणला, नवी फिटिंग करून घेतली आणि जूनमध्ये ती पोट्टी त्याच खिडकीपाशी पाणी भरताना मला दिसू लागली. ठाण्यात प्रकरण अपघात म्हणून बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेने इंदूबाईंना बोलावलंच नाही. कारण विचारायला त्या प्रतापकडे तीनदा गेल्या. यादी वरून आली, असं त्याने सांगितलं. आधी त्यांनी भैय्यालालच्या दुकानात कूलरच्या जाळीत गवत भरायचं काम केलं. त्या धुळीने खोकला लागला तेव्हा तेही सोडलं आणि एका वसतिगृहात पोळ्या लाटायला लागल्या. नवरा गेला. मुलींची लग्नं बालाघाट आणि गोंदियाकडे झाली. हे सगळं शारदाकडून कळायचं. ती अधूनमधून त्यांना भेटून येते हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

दहा-बारा वर्षांनी एका ओळखीच्या लग्नात त्या दिसल्या. केस पांढरे, अंगाने अगदी वाळलेल्या. शारदा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. जाताना इंदूबाई आमच्या खुर्च्यांजवळून गेल्या. मी हात जोडायला उठलो. त्या माझ्याकडे न बघता, न थांबता पुढे गेल्या.

माझी सून निधी शेजारी बसली होती. तिने हिंदीत विचारलं, “पापाजी, ये कौन थीं?”

“पहले मच्छर देखने आती थीं,” मी म्हणालो.