आमच्या कुत्र्याचं हिरवं कार्ड

कुत्र्यामांजरांच्या औषधपाण्याचं एक मोबाईल ॲप मी बनवत होते, तेव्हाची ही गोष्ट. बनवत होते म्हणजे, आतलं सगळं लिहिणारे वेगळे. कुठलं बटण कुठं, कुठला रंग केव्हा, माणसाचा अंगठा आधी कुठं जाईल, हे ठरवणं माझं काम. ऑफिस हुबळीत, घर धारवाडात, आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करायची. कुणी विचारलं तर मान ताठ करून सांगायची, "मुक्या जनावरांसाठी काहीतरी करतेय." आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

ॲप साधं होतं. प्रत्येक जनावराचं एक कार्ड. वर फोटो, खाली वजन, जंताचं औषध, लसी. लसीची तारीख टळली की कार्ड लाल, लस झाली की हिरवं. पण पहिल्या चाचणीत लोकांना ते लाल कार्ड काही आवडेना. उघडल्या उघडल्या कुणीतरी खेकसल्यासारखं वाटतं म्हणाले, दोघातिघांनी तर ॲप काढूनच टाकलं. मग मी शक्कल काढली. दवाखान्याची वेळ ठरवली, बुकिंगचं बटण दाबलं, की कार्ड लगेच हिरवं. माणसाला बरं वाटतं आणि बरं वाटलं की तो परत येतो. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या.

हरकत घेतली ती एकाच माणसानं. जनावरांच्या ज्या दवाखान्यात आम्ही चाचणी करत होतो, तिथला कंपाउंडर. पन्नाशीचा, हाताला कायम स्पिरिटचा वास. "मॅडम, सुई आत गेल्याशिवाय आम्ही पुस्तकात काही चिकटवत नाही," तो म्हणाला. लसीच्या बाटलीवरचा छोटा कागद सोलून तो जनावराच्या पुस्तकात चिकटवायचा, मग डॉक्टर त्यावर सही करायचे. "वेळ घेऊन न येणारे किती असतात, तुम्हाला ठाऊक नाही री." मी हसले. "अण्णा, ते पुस्तकाचं झालं. हे मोबाईलचं आहे." तो 'इरली बिडी' म्हणाला, म्हणजे राहू द्या, आणि आत गेला. मी जिंकले होते ना!

चाचणीसाठी पहिलं कार्ड मी आमच्याच कुत्र्याचं केलं. सहा वर्षांचा तांबूस, गल्लीतूनच उचलून आणलेला, फोटोला मात्र राजबिंडा. बुकिंगचं बटण नीट चालतंय का, हे बघायला त्याच्या नावावर मी पंधरा-वीस वेळा तरी वेळ ठरवली असेल. दवाखान्यात नेलं किती वेळा? एकदाही नाही. आज नेऊ, उद्या नेऊ करत राहून गेलं. आणि रोज ॲप उघडलं की हिरवंगार कार्ड समोर. दुसऱ्यांना भुलवायला लावलेल्या रंगाला मी स्वतःच भुलले, आणि भुलले हेसुद्धा मला कळलं नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या. सकाळच्या गाडीनं धारवाडला यायच्या, दोन घरचं काम उरकून दुपारी परत जायच्या. माझ्याशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. त्या सोमवारी त्यांनी कुत्र्याचं अर्धवट खाल्लेलं ताट उचललं आणि तो वळून चावला. उजव्या अंगठ्याच्या खाली दोन दात चांगले रुतले होते.

मी हात नळाखाली धरला, हळद दाबली, कुत्र्याच्या पाठीत एक धपाटा घातला. अक्का म्हणाल्या, "ताई, ह्याला सुई दिलीया न्हवं?"

मी फोन काढला. अगदी ऐटीत. कार्ड उघडून त्यांच्यापुढे धरलं. "हे बघा, हिरवं आहे. म्हणजे सगळं झालंय. एनू आगंगिल्ल."

काही होत नाही! कन्नडमध्ये म्हटलं की जरा जास्त धीर येतो, म्हणून कन्नडमध्ये म्हटलं.

मंगळवारी त्या आल्या त्या हाताला फडकं बांधून. म्हणाल्या, "सून म्हणतीया, कुत्र्याला सुई दिली असली तरी माणसानं घ्यायची असतीया. सरकारी दवाखान्यात जाऊ काय?" खरं तर सुनेचं बरोबर होतं. चावलं की माणसानं लस घ्यायचीच, हे आमच्याच ॲपच्या माहितीच्या पानावर लिहिलेलं होतं. ते पानही मीच रंगवलं होतं, ठळक अक्षरात. पण मी म्हणाले, "अहो, घाबरू नका. सुनेला सांगा, ताईनं स्वतः बघितलंय." ताईनं! जिभेला काही हाड?

त्या दुपारी मी दुसऱ्या दिवसाची तयारी करत बसले होते. बुधवारी हुबळीत पैसे गुंतवणाऱ्या लोकांपुढे ॲप दाखवायचं होतं. कार्ड आमच्याच कुत्र्याचं दाखवणार होते, कारण फोटो गोड. दाखवण्याआधी चाचणीतला कचरा साफ करावा म्हणून मी ती सगळी खोटी बुकिंगं एका झटक्यात पुसली.

कार्ड लाल झालं.

पहिल्यांदा मला वाटलं, ॲप बिघडलं. खरंच, देवाशप्पथ, माझ्या मनात पहिलं तेच आलं. मग कार्डावरची लसीची तारीख बघितली. कपाट उपसून कुत्र्याचं पुस्तक काढलं. शेवटचा कागद चिकटवलेला होता तो दोन वर्षांपूर्वीचा. त्यानंतरची पानं कोरी.

अक्का तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. डावा हात पुढे, उजवा आखडून. माझ्या खुर्चीपासून दहा पावलंही नसतील. उठायचं, सांगायचं, रिक्षा बोलवायची. गाडीला अजून तासभर होता. मी उठले नाही. मनात काय चाललं होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. उद्या त्या लोकांपैकी कुणी विचारलं तर? ॲप बनवणारीच्याच कुत्र्याला लस नाही, आणि तो चावलाय, आणि तिनं हिरवं कार्ड दाखवून बाईला थांबवलंय, हे बाहेर फुटलं तर? एका दिवसानं काय बिघडतंय, मी स्वतःला समजावलं. कुत्रा तर मजेत शेपटी हलवत होता.

आणि मग मी बुकिंगचं बटण दाबलं. कार्ड पुन्हा हिरवं झालं. अक्कांनी हात पुसले, "येतो ताई," म्हणाल्या, आणि गाडीला गेल्या.

एखाद्याच्या जिवाशी खेळ म्हणतात तो काय वेगळा असतो? पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही, हे मला नव्यानं कळायचं नव्हतं. पाण्याला घाबरून मेलेल्या माणसाबद्दल मी लहानपणी ऐकलेलं होतं. ते सगळं माहीत असून मी बुधवारी इस्त्रीची साडी नेसून हुबळीला गेले. कार्ड पडद्यावर आलं तेव्हा समोरच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "किती छान, बघूनच निर्धास्त वाटतं." टाळ्या पडल्या. मी हसले, हात जोडले. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून बसले. ओळखीचं कुणी भेटू नये एवढीच इच्छा होती.

गुरुवारी अक्का दारात आल्या तशा मी त्यांना चप्पल काढू दिली नाही. "चला, सुई घ्यायला जायचंय." रिक्षात बसल्यावर सांगितलं. कुत्र्याची लस राहिलीय, हिरवं कार्ड चुकीचं होतं. माझ्या चुकीनं, म्हणाले, तेवढं तरी म्हणाले. अक्कांनी फडक्यातला हात मांडीवर ठेवला. विचारलं, "कधी कळलं तुमाला?"

"आज सकाळी," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मंगळवारी मी पुस्तक शोधायला कपाट उपसलं होतं. जमिनीवर पसरलेला तो सगळा पसारा गाडीला जाण्याआधी त्यांनीच उचलून आत ठेवला होता. ते पुस्तकसुद्धा. हे मला रिक्षा वळल्यावर आठवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुत्र्याचं चित्र असलेलं पुस्तक कशाचं ते कळायला वाचावं लागत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही मी बोललेलं परत घेतलं नाही.

सरकारी दवाखान्यात रांग मोठी होती. डॉक्टर तरुण मुलगी, सकाळपासून बसलेली, दमलेली. जखम बघून तिनं कन्नडमध्ये विचारलं, कधी चावलं? सोमवारी. मग आज का आलात?

मी तोंड उघडलं. माझ्याआधी अक्का बोलल्या. "माझीच चूक, बाई. ताई रोज जा म्हणत होत्या. मलाच वेळ झाला नाही."

डॉक्टर भडकली. हा काय खेळ आहे का, जिवाची किंमत आहे की नाही, तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं. अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही तरी यांना समजावून सांगत जा."

"हौदु री," मी म्हणाले. होय, सांगते.

जखमेच्या कडेनं सुया टोचल्या, दंडात एक टोचली. अक्का कण्हल्या नाहीत. मी कागद हातात धरून उभी होते. त्यावर पुढच्या सुयांच्या तारखा होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अक्का, प्रत्येक तारखेला मी येणार तुमच्याबरोबर. सुट्टी घेईन." डोळे भरून आले होते माझे. वाटत होतं, एवढं तरी मला करू द्या.

अक्कांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

"नको ताई, मी सुनेला घेऊन येतो," त्या म्हणाल्या. "तुमी बरोबर असला की मला खोटं बोलाय लागतंय."