म्हातारबांनी राखलेलं गवत

आमच्या गावच्या गायरानाचा ‘सध्या काही वापर नाही’ असं सरकारी कागदावर मी लिहून दिलं. कुणी दबाव आणला नव्हता, साधा चहासुद्धा पाजला नव्हता. निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं, रिकामा वेळ भरपूर... ग्रामपंचायतीनं जमिनींच्या माहितीचा तक्ता भरायला दिला आणि मी भाद्रपदातल्या एका सकाळी छत्री घेऊन जातीनं पाहणीला गेलो. कमरेएवढं गवत आणि जनावर एक नाही. तसं लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली. ही सही आता गावाच्या गळ्याचा फास झाली आहे, आणि तो सोडवायला माझ्या शेजारी उभे राहणार होते ते म्हातारबा तीन आठवड्यांपूर्वी गेले.

म्हातारबा हे त्यांचं पाळण्यातलं नाव. आमच्या संगमनेरकडच्या माळावर ठेवतात अशी नावं. माझ्याच वयाचे, चार गाई, थोड्या शेळ्या, आणि रोज सकाळी काठी घेऊन गायरानाच्या हद्दीला एक फेरी. पगार नाही, हुद्दा नाही. चाळीस वर्षं मी त्यांना फेरीवरून परतताना पाहिलं आणि दर वेळी मनात म्हणालो, पायांना व्यायाम म्हणून बरं आहे.

माझा तक्ता वरच्या कचेऱ्यांत फिरून वर्षभरानं परत आला तो नोटीस होऊन. गायरान विनावापर असल्यानं तिथं सौरऊर्जेची पॅनेलं बसवायचा प्रस्ताव आहे, कुणाची हरकत? सोबत माझ्या कागदाची नक्कल. म्हातारबांना वाचता येत नव्हतं, पण ती नक्कल घेऊन ते सरळ माझ्या ओट्यावर आले. पोरांच्या दाखल्यांवर त्यांनी हे अक्षर पाहिलेलं होतं. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

“गुरुजी, आखाड लागला की आमी गायरान बंद करतो. दसऱ्यापातूर कुनी गुरं घालत न्हाई, इळा लावत न्हाई. बी पडू देतो. आमी राखलं म्हून तुमाला गुरं दिसली न्हाईत. उपास धरलेल्या बाईला बघून हिच्या घरात दाना न्हाई, असं लिवाल का तुमी?”

गावाच्या तीन पिढ्यांना मी भूगोल शिकवला. जगातले गवताळ प्रदेश पाठ करून घेतले. आमच्या घरात जनावर म्हणजे मांजर, त्यामुळे गावचा गवताळ प्रदेश वर्षातून तीन महिने कुलूपबंद असतो हे मला ठाऊक नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

पुढं वर्षभर त्यांनी मला सोबत फिरवून गवतं ओळखायला शिकवलं. ही मारवेल, हा पवना, ही कुसळी... मी दर वेळी कुसळीलाच मारवेल म्हणायचो आणि ती माझ्या पायजम्यात शिरून आपलं खरं नाव सांगायची. हरकतीसाठी आम्ही घरोघर गेलो. अर्ध्या गावानं सह्या दिल्या. उरलेल्या अर्ध्यात म्हातारबांचा धाकटा मुलगा भाऊसाहेब होता. प्रकल्पावर वॉचमनची नोकरी मिळेल म्हणून त्यानं प्रस्तावाच्या बाजूनं सही केलेली. बापलेक एका पंगतीला जेवत आणि एक शब्द बोलत नसत. मी एकदा भाऊसाहेबाला समजावतो म्हणालो, तर म्हातारबांनीच अडवलं. “त्याचं चुकलं असं मी म्हननार न्हाई. दोन पोरं हायेत त्याला. त्याला पगार दिसतो, मला गवत दिसतं.”

सुनावणीसाठी म्हातारबांचा जबाब हवा होता. गायरान कसं आणि का बंद ठेवतात हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. त्यांनी तो माझ्या ओट्यावर बसून दहा-बारा वाक्यांत सांगितलाही. तेवढा लिहून घ्यायचा, अंगठा घ्यायचा, संपलं. पण मी लेखक पडलो ना! पहिल्या खर्ड्यात प्रवरामाईच्या पाण्याचं वर्णन आलं, दुसऱ्यात ते काढून पूर्वजांचं आणलं. म्हातारबा दोनदा विचारून गेले, झालं का गुरुजी? मी दोन्ही वेळा म्हणालो, उद्या. श्रावणातल्या त्या सकाळी मी तिसऱ्या खर्ड्यात ‘हिरवेगार’ की ‘हिरवेकंच’ यावर अडून बसलो होतो आणि भाऊसाहेबाचा फोन आला. “गुरुजी, आबा गेले.” फेरीवरून आले, ओसरीवर टेकले, पाणी मागितलं. ते प्यायचं राहिलं.

अंगठ्याची जागा कोरीच आहे. आता सुनावणी पुढच्या आठवड्यात, आणि साक्ष द्यायला उरलो मी, ज्याच्या सहीमुळे ही वेळ आली तो. गायरान राहील की जाईल, सांगवत नाही.

परवा सकाळी मला राहवेना म्हणून हद्दीवर गेलो. गवत कमरेला लागलेलं. म्हातारबा दम खायला टेकत त्या दगडावर त्यांच्या बायको सारजाबाई बसलेल्या, हातात त्यांचीच काठी. आत घुसलेली कुणाची तरी शेळी त्यांनी हुसकून लावली आणि पुन्हा बसल्या. मी म्हणालो, मावशी, माझा जबाब तयार आहे, ऐकता का? त्यांनी मान हलवली. मी उभ्यानं दोन पानं वाचली. तक्ता, पाहणी, ऋतुमान, परंपरा, परिस्थितीजन्य गैरसमज... आवाज जरा भरूनही आला. सारजाबाईंची नजर गवतावरच होती. वाचून झाल्यावर त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

“लई लिवता तुमी, गुरुजी. ह्यात ‘मी चुकलो’ कुटं हाय?”