पिक्चरमधला नळ

मी लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मला सवय नाही. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तो पेपरही पहिल्यांदा मीच लिहिला. मी घोडेगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चांगलं लिहिता येणार नाही. झालं तेवढं सांगतो.

"शर्ट काढ."

पिक्चरवाल्यांचा एक माणूस मला असं म्हणाला. आमच्या बौद्धवस्तीत शूटिंग होतं. शिनोलीच्या पुढं आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला वस्ती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. पिक्चरमध्ये दिसणार म्हणून आईनंच शेजारून इस्त्री मागून आणली होती.

"तू शिकलेला दिसतोस, दादा. कॅमेऱ्यात नाही चालणार."

त्यांनी मला फाटका बनियन दिला. तोंडाला राखाडी पावडर चोळली. मी चोळू दिली.

पिक्चर सरकारी पाणीयोजनेच्या घोटाळ्यावर होता. एक अधिकारी बाई गावोगाव फिरून कोरडे नळ शोधते आणि शेवटी मंत्र्याला तुरुंगात घालते, अशी गोष्ट. आमच्या वस्तीत खराखुरा नळ नव्हताच. म्हणून त्यांनी आमच्या घरामागं एक नळ उभा केला. पाणी दाखवायचं असलं की मागच्या नळीतून कॅनचं पाणी ओतायचे. आम्ही खरं पाणी सरपंचांच्या विहिरीवरून आणायचो. त्यांची मोटर चालू असेल तेव्हाच.

सरपंचांच्या पुतण्याला, विशालला, पोलीस केला होता. तो माझ्याच वर्गातला. आम्ही हंडे घेऊन मोर्चा काढायचा आणि त्यानं आम्हाला काठीनं ढकलायचं. डायरेक्टर त्याला म्हणाले, "मनानं काहीतरी बोल. एकदम खरं वाटलं पाहिजे."

विशालनं माझ्या छातीला काठी लावली. "तुमच्या लोकांना सगळं फुकटच पायजेल. व्हा मागं!"

डायरेक्टर ओरडले, "वा! हेच ठेवू या."

तेच वाक्य मग त्यांनी परत परत घेतलं. पुढून, बाजूनं, माझ्या तोंडाजवळून. दर वेळी मी मागं पडायचो. जेवणाच्या सुट्टीत विशाल माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ॲक्टिंग हाय राव. मनावर घेऊ नको." मी हसलो. का हसलो ते मला माहीत नाही. मला काहीच वाटत नव्हतं. छातीला काठी टेकते ती जागा तेवढी कळत होती.

शूटिंगवाले गेले. नळ तिथंच राहिला.

थोड्या दिवसांनी मी कॉलेजात असताना सरपंच एका इंजिनिअर साहेबांना घेऊन वस्तीत आले. आईला हाक मारली, "ए शांते, हंडा घेऊन ये. फोटो काढायचाय." आई वयानं त्यांच्यापेक्षा मोठी आहे.

आईला वाटलं, शूटिंगचं काही राहिलंय. ती गेली. पिक्चरवाल्यांनी शिकवलं होतं तसा तिनं पदर डोक्यावर घेतला, तोंड पाडलं आणि हंडा नळाखाली धरला. एकानं मागून कॅन ओतला. साहेब म्हणाले, "अहो बाई, रडू नका. हसा."

आई हसली. संध्याकाळी मला कौतुकानं सांगत होती, "त्यांना रडायला पायजेल व्हतं, ह्यांना हसायला. लई येगळं येगळं असतंय रं पिक्चरचं." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही पिक्चरचंच समजलो.

पिक्चर तयार झाल्यावर तो गावच्या शाळेत दुपारी दाखवला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. वस्तीतली माणसं मागं बसली होती. कुणी बसवली नव्हती, आपोआप मागं बसली. विशालचं वाक्य आलं तेव्हा शिट्ट्या झाल्या. पडद्यावर मी मागं पडलो. माझं तोंड खूप मोठं दिसत होतं. मग अधिकारी बाईनं मंत्र्याला सुनावलं. त्यालाही टाळ्या पडल्या. त्याच हातांच्या.

पिक्चर संपल्यावर सरपंच माईकवर आले. "पिक्चरात दावलं तसं आपल्या गावात न्हाई, मंडळी. आपण वस्तीपर्यंत नळ पोचवला. काम पूर्ण! बघा."

त्याच पडद्यावर आईचा फोटो आला. नळाखाली हंडा. हसणारी आई.

आईनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "ह्यो बी पिक्चरातलाच का रं?"

मी उठलो. ओरडायचं होतं, पण आवाज साधाच निघाला.

"तो नळ पिक्चरवाल्यांचा आहे. त्याला पाणी नाही. चला, आत्ता सोडून बघू."

कुणीतरी हसलं. विशाल म्हणाला, "ए हिरो, पॅकअप झालं!" सगळे हसले.

सरपंच हसले नाहीत. "खाली बस. पाणी कुणाच्या हिरीचं पितूस, ते ध्यानात ठेव."

मी खाली बसलो नाही. एवढंच. दुसरं काही मोठं केलं नाही. जन्मापासून कुणी बस म्हटलं की बसलो होतो, हस म्हटलं की हसलो होतो. त्या दुपारी उभा राहिलो. मग आईचा हात धरून बाहेर आलो. वस्तीतली चार घरं आमच्यामागून आली. आम्ही नळ सोडला. थेंब आला नाही. त्याचा मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तालुक्याला तक्रार केली.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीची मोटर आमच्यासाठी बंद. आई आता ओढ्यातून पाणी आणते. वस्तीतले काही जण आईला म्हणतात, तुझ्या पोरानं पाणी घालवलं. आई हंडा उचलून ओढ्याची वाट धरते. मी तक्रार मागं घेतलेली नाही. घेणार नाही.

चौकशीला साहेब येणार असं कळलं होतं. कधी, ते कळत नव्हतं. आज तास चालू असताना आईचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

"बाळा, सकाळी सरपंचाच्या माणसांनी नळ उपटून नेला. आन् आता सरपंच म्हणत्यात, वस्तीवाल्यांनी सरकारी नळ चोरला. चौकीत तुजं नाव दिलंय. चौकशीवालं उद्या येणारेत."

मी विचारलं, "नळ होता तिथं आता काय आहे?"

"खड्डा. ईतभर."

"त्याच्या खाली पाईप आहे?"

"कुटला पाईप? नुसता मुरूम हाय."

"आई, तो खड्डा बुजवू नको. कुणाला बुजवू देऊ नको. त्याच्या कडेला बसून राहा. मी निघालो."

"बसलेच हाय," आई म्हणाली. "इशाल फावडं घिऊन आलाय. मी उठले न्हाई."